गाजरगवत आणि टाकळा

चेन्नईचा पावसाळा महाराष्ट्राच्या मागून येतो. जून-जुलैत पुण्याभोवतालची माळराने हिरवी होतात, तेव्हा चेन्नईला उन्हाचा ताप सरलेला नसतो. त्या शहराला खरा आधार असतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाचा. ऋतूंचे वेळापत्रक असे निराळे असले, तरी पावसानंतर मोकळ्या भूखंडांवर आणि रस्त्यांच्या कडेला माजणारा एक उपद्रव मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. तो म्हणजे गाजरासारख्या पानांचे व बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत.

या वनस्पतीचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. १९५५ साली ती पुण्यात ठळकपणे नजरेस आली आणि पुढच्या वर्षी तिची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर हे बी आले, असा लोकांचा समज आहे. तथापि एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिनोंदींतही तिचा उल्लेख सापडतो. गव्हाने तिच्या प्रसाराला हातभार लावला असेल. पण तिचे पहिले पाऊल त्याहून जुने आहे. एका झाडापासून दहा हजारांहून अधिक बिया तयार होतात. पार्थेनिन हे तिच्यातील विषारी द्रव्य त्वचेला लागले की कित्येकांना खाज सुटते, चट्टे उठतात. परागकणांमुळे शिंका व दम्याचा त्रास होतो. उघड्या हातांनी तण उपटणाऱ्या मजुराला हे दुखणे सर्वांत आधी गाठते.

उपटणे आणि औषध फवारणे हे उपाय जुनेच आहेत. त्यांनी जमीन मोकळी होते आणि नेमके हेच गाजरगवताला हवे असते. मातीत दडलेले बी पुढच्या ओलाव्याबरोबर उगवते व त्या मोकळ्या जागेचा ताबा घेते. तेव्हा तण काढल्यावर त्या जागी काय उगवावे, हा खरा प्रश्न होय.

त्याचे एक उत्तर निसर्गातच दिसले. धारवाड व बेंगळूरु परिसरात टाकळ्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीने गाजरगवताला मागे रेटल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. शास्त्रज्ञ तिला कॅशिया युनिफ्लोरा म्हणतात. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले म. महादेवप्पा यांनी या उपायाचा पाठपुरावा केला. ही वनस्पती पावसाबरोबर दाट उगवते आणि तिच्या सावलीत गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळत नाही. शिवाय तिच्या कुजणाऱ्या पाल्यातून झिरपणारी द्रव्ये त्याच्या बियांची उगवण रोखतात. आपला टाकळाही असाच दाटीने वाढतो. पावसाळ्याच्या तोंडी त्याचे बी विखरून ठेवले की पहिल्या पावसात ते पुढे निघते.

पण येथे सावधपणा हवा. कॅशिया युनिफ्लोरा ही देखील अमेरिकेकडून आलेली परकीच. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून ती टिकते. आणि म्हणूनच ती स्वतः माजण्याचीही भीती असते. एका पाहुण्याला घालवण्यासाठी दुसऱ्याला घर देणे शहाणपणाचे नव्हे. टाकळा निदान परिचयाचा आहे : त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोकणात पावसाळ्यात आवडीने होते. तरवड, मुद्रा, उन्हाळी या वनस्पतीही गाजरगवताशी स्पर्धा करतात. तमिळ लोक तरवडाला आवारम आणि मुद्रेला तुत्ती म्हणतात. दोन्ही त्यांच्या घरगुती औषधांत आहेत.

चेन्नईने हा मार्ग धरावयाचा तर पुण्याचे वेळापत्रक उसने घेऊन भागणार नाही. बी विखरावयाचे ते ऑक्टोबरच्या पावसाआधी, सप्टेंबरात. त्यापूर्वी गाजरगवत फुलावर येण्याच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढले पाहिजे. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बेंगळूरुत सोडलेला भुंगेरा पाने खाऊन साहाय्य करतो. पण त्याचा जोर पावसाळ्यापुरताच. शेतात टाकळा पेरणे मात्र योग्य नव्हे, कारण पिकात तोही तणच ठरेल. त्याचे स्थान पडीक भूखंड, रस्त्याची कड आणि रुळांचा काठ.

हा उपाय एका हंगामात फळ देत नाही. मातीतील बियांचा साठा अनेक वर्षे पुरतो, तितकी वर्षे पेरणीही चालू ठेवावी लागते. एक वर्ष पेरून दुसऱ्या वर्षी विसरणाऱ्या नगराला गाजरगवत पुन्हा गाठते. आणि त्याचा पहिला चटका पुन्हा उघड्या हातांनाच बसतो.