श्वासाची साथ : तळोजा-पनवेलमधून विषाणू कसा फिरतो

कोरोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरच्या लांबीत असे दहा हजार विषाणू ओळीने मावतील. लागण झालेला माणूस खोकतो, बोलतो, गातो, अगदी नुसता श्वास सोडतो, तेव्हा लाळेच्या आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याच्या कणांबरोबर विषाणू बाहेर पडतो. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत जमिनीवर पडतात. बारीक कण मात्र बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे पसरतात आणि बराच वेळ तरंगत राहतात. २०२० मध्ये जगभर सगळा भर थेंबांवर होता. त्यामुळे दोन हातांचे अंतर ठेवा, हात धुवा, वस्तू पुसून घ्या, एवढेच लोकांना सांगितले गेले. हवेतून होणारी लागण जागतिक आरोग्य संघटनेने उघडपणे मान्य करेपर्यंत २०२१ उजाडले. या उशिराची किंमत मोठी होती : घरोघरी भाज्या धुतल्या जात होत्या आणि खिडक्या बंदच राहत होत्या.

असा विषाणू एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात शिरतो तेव्हा तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सारखा पसरत जात नाही. माणसे एकच हवा जिथे जास्त वेळ वाटून घेतात, तिथे तो आधी पोहोचतो. तळोजा आणि त्याभोवतीचे पनवेल हे समजून घ्यायला फार चांगले उदाहरण आहे. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. जुने पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर आणि तळोजा हे तिचे मुख्य भाग. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. त्यानंतर ती झपाट्याने वाढली. शहर मध्यम आकाराचे असले तरी त्याच्या वाटा महानगराच्या आहेत. हार्बर मार्गाची लोकल पनवेलहून सुमारे ऐंशी मिनिटांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तळोजे पाचनंद स्थानक दिवा-पनवेल मार्गावर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघतो, तर गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्प्याहून.

साथ इथे या वाटांनीच आली. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात पनवेल परिसरात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अकरा जवानांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. हे जवान मुंबई विमानतळावर तैनात होते. विमानातून उतरणाऱ्या प्रवाशांना सर्वांत आधी सामोरी जाणारी माणसे हीच. कामावरून परतल्यावर त्यांचा मुक्काम सहकाऱ्यांसोबत एकत्रच असे. विमानतळावरचा क्षणिक संपर्क आणि मुक्कामावरचा रात्रभराचा संपर्क यांतला कोणता अधिक घातक, याचे उत्तर पुढच्या दोन वर्षांत जगभरच्या अभ्यासांनी दिले : रात्रभराचा.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली आणि त्या आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली. तरीही मुंबईशी असलेली पनवेलची ये-जा पूर्णपणे थांबली नाही, थांबणे शक्यही नव्हते. कामोठे, कळंबोली, खारघर इथे राहून मुंबईत काम करणाऱ्यांत परिचारिका, पोलीस, बेस्टचे चालक-वाहक, सफाई कामगार आणि बँकांचे कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. मुंबईत घर परवडत नाही म्हणून ते इथे राहतात. बाकीचे शहर घरात बसले असताना ही माणसे रोज बसने रुग्णालयांत आणि चौक्यांवर जात होती आणि रात्री दोन खोल्यांच्या घरात परत येत होती. त्यांची राहण्याची सोय मुंबईतच व्हावी, ही मागणी एप्रिल-मेमध्ये पनवेल आणि नवी मुंबईतून सतत होत राहिली. आजार पसरवल्याचा ठपका सोसायट्यांनी याच माणसांवर ठेवला, हे त्या काळातले एक क्रूर वास्तव. साथीचा मार्ग घरांच्या किमतींनी आधीच आखून ठेवला होता.

घरात पोहोचल्यावर विषाणूला फारशी आडकाठी उरत नाही. एकच पंखा, एकच न्हाणीघर आणि रात्री शेजारी-शेजारी अंथरुणे. घर किती दाट वस्तीत आहे यावर मात्र पुढचे बरेच अवलंबून असते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली, तेव्हा झोपडवस्तीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले. इमारतींत राहणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. शहर एकच, पण खोलीत किती माणसे आणि शौचालय कितीजणांचे यावरून इतका फरक पडला. तळोज्यात हा फरक रस्ता ओलांडला की दिसतो. एका बाजूला सिडकोच्या आखणीतले टोलेजंग गृहसंकुल, तर पलीकडे पेंधर, घोट, नावडे, तोंडरे यांसारखी मूळ गावे आणि तिथल्या चाळींत भाड्याने राहणारे औद्योगिक वसाहतीतले कामगार.

या कामगारांचा दिवस पाहिला तर विषाणूची पुढची पायरी कळते. पाळी सुरू होण्याआधी कंपनीची बस, मग कपडे बदलण्याची खोली, मग यंत्रावरचे काम, मधल्या सुट्टीत कँटीन, आणि पुन्हा बस. यंत्रावर काम करताना माणसे बहुधा दूर-दूर उभी असतात, छतही उंच असते. धोका असतो तो बसमध्ये आणि कँटीनमध्ये, कारण तिथे मास्क उतरतो आणि गप्पा होतात. तळोजा एमआयडीसी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते, पण इथे मासळीवर प्रक्रिया करणारे कारखानेही आहेत. थंड हवा पुन:पुन्हा फिरवणाऱ्या अशा जागांबद्दल जर्मनीतल्या एका मांसप्रक्रिया कारखान्याचा अनुभव महत्त्वाचा ठरला. २०२० मध्ये तिथे दीड हजारांहून अधिक कामगारांना लागण झाली. त्याच कारखान्यातल्या मे महिन्यातल्या लागणीचा अभ्यास झाला तेव्हा आठ मीटरपेक्षा लांब उभ्या असलेल्यांनाही एका माणसापासून विषाणू पोहोचल्याचे आढळले. थंडाव्यात विषाणू जास्त काळ टिकतो, यंत्रांच्या आवाजात माणसे मोठ्याने बोलतात, आणि बाहेरची ताजी हवा आत येत नाही. असे तिन्ही एकत्र आले की दोन हातांचे अंतर पुरत नाही.

कारखान्यांच्या दारात तेव्हा कपाळावर ताप मोजण्याचे यंत्र धरले जाई. त्याचा उपयोग मर्यादित होता. मूळ विषाणूचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सरासरी पाच ते सहा दिवसांचा होता आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण देऊ शकत होता. ताप नसलेला, कामावर नेहमीसारखा आलेला माणूसच या साखळीचा सर्वांत मजबूत दुवा होता. २००३ च्या सार्स या आजारापेक्षा हा आजार आटोक्यात आणणे कठीण गेले, त्याचे एक कारण हे.

तळोज्याच्या नकाशावर आणखी एक जागा आहे, जिथे माणसाला जागा बदलण्याची मुभाच नसते : तळोजा मध्यवर्ती कारागृह. क्षमता २,१२४ बंद्यांची. बराकीत अंतर ठेवणे हा शब्दच निरर्थक ठरतो. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात १५८ बंदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. त्याच महिन्यात राज्यातील तीन कारागृहांतल्या बंद्यांचे मृत्यू कोरोनाशी जोडले गेले; त्यांत तळोजाही होते. जुलैमध्ये तळोज्यात असलेले वयोवृद्ध तेलुगू कवी वरवरा राव यांना लागण झाल्याचे निदान झाले. गर्दी कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२० च्या आदेशानुसार उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि अनेक बंद्यांना तात्पुरता जामीन मिळाला. नवीन येणाऱ्या बंद्यांना आधी वेगळे ठेवण्यासाठी खारघरमधील एका शाळेची इमारत वापरली गेली, पण तिथल्या वर्गांतल्या दाटीबद्दलही तक्रारी झाल्या. वेगळे ठेवण्याच्या जागेतच गर्दी असेल तर तिथे साथ थांबत नाही, उलट ती वाढते.

सगळे बाधित सारख्याच प्रमाणात इतरांना लागण देत नाहीत, ही या विषाणूबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती भारतातूनच मिळाली. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतील सुमारे ८५ हजार बाधितांच्या पावणेसहा लाख संपर्कांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७१ टक्के बाधितांकडून त्यांच्या शोधलेल्या संपर्कांपैकी एकालाही लागण झालेली आढळली नाही. लागण झालेल्या संपर्कांपैकी सुमारे ८० टक्के केवळ ५ टक्के बाधितांशी जोडलेले होते. सहा तासांहून अधिक वेळ जवळ बसून प्रवास केलेल्यांत लागणीचे प्रमाण तर ७९ टक्के होते. म्हणूनच शहरात आठवडाभर काही घडत नाही असे वाटते आणि मग एका लग्नातून, एका हॉलमधल्या कार्यक्रमातून, एका बसमधून शंभर घरांत आजार पोहोचतो.

पनवेलमध्ये आलेला विषाणू पनवेलमध्येच थांबत नाही. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात इथून मध्य प्रदेशातील रीवाकडे श्रमिक विशेष गाडी निघाली. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना १२ ऑगस्टपर्यंत पोहोचण्याची आणि गावी दहा दिवस वेगळे राहण्याची अट घातली गेली. त्यांच्या गाड्या पळस्प्यावरूनच जातात. शंभर वर्षांपूर्वीही असेच घडले होते. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लुएन्झा रेल्वेने आतल्या गावांत गेला, लोक त्याला मानमोडी म्हणत. सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. वाहन बदलले, वाट तीच राहिली.

लाटा का येतात याचे उत्तर दोन गोष्टींत आहे : लागण न झालेली माणसे किती उरली आहेत, आणि विषाणूचे रूप किती बदलले आहे. मूळ विषाणूचा एक रुग्ण साधारण दोन-तीन जणांना लागण देत होता. २०२१ च्या सुरुवातीला अमरावती परिसरात वाढलेल्या रुग्णांत दिसलेले नवे रूप, ज्याच्या एका शाखेला पुढे डेल्टा नाव मिळाले, दुपटीने वेगाने पसरे. १८ एप्रिल २०२१ रोजी राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय, पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, सगळीकडे खाटा आणि प्राणवायू कमी पडू लागले. दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला, कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमकडे गेली. ४ डिसेंबर २०२१ रोजी राज्यातला पहिला ओमिक्रॉनबाधित तळोज्याच्या उत्तरेला असलेल्या डोंबिवलीत सापडला. त्या रूपाचा अधिशयन काळ तीन दिवसांवर आला होता, त्यामुळे लाट चढलीही पटकन आणि उतरलीही पटकन. लसीकरण झालेल्यांची संख्या तोवर मोठी होती, म्हणून मृत्यू तुलनेने पुष्कळ कमी झाले.

हवेतल्या विषाणूविरुद्धचे उपाय हवेपाशीच जातात. खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडवरून तिथे इतरांचा श्वास किती साठला आहे हे कळते. मोकळ्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२० असतो. बंद वर्गात किंवा कार्यालयात तो हजाराच्या वर गेला, तर खिडकी उघडण्याची वेळ झाली असे समजावे. हे मोजणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते आणि एखाद्या शाळेला, कँटीनला किंवा कंपनीच्या बसला ते सहज परवडेल. पेंधर ते बेलापूर ही ११ किलोमीटरची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावू लागली. तिचे डबे वातानुकूलित आणि बंद आहेत. प्रवास अर्ध्या तासाच्या आतला असल्याने धोका लोकलच्या तुडुंब गर्दीपेक्षा कमी, पण साथीच्या दिवसांत तिथे मास्कची गरज उघड्या दारांच्या डब्यापेक्षा जास्त.

कोरोना आता मोसमी आजारांच्या रांगेत आला आहे, आणि त्या रांगेत इन्फ्लुएन्झा आधीपासून आहे. कोकणपट्टीत इन्फ्लुएन्झाचा मुख्य हंगाम जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळा. पाऊस झोडपतो तेव्हा खिडक्या लागतात आणि चाळीतल्या खोलीत सगळे कुटुंब दिवसभर आत राहते. युरोपात हाच हंगाम हिवाळ्यात येतो. त्यामुळे तिथल्या वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या लशीचा जोर इथल्या पावसाळ्यापर्यंत ओसरू लागतो. तळोजा-पनवेलमधील वृद्ध, गर्भवती, दम्याचे व मधुमेहाचे रुग्ण यांनी दरवर्षीची लस एप्रिल-मेमध्ये, पहिला पाऊस पडण्याआधी घेणे योग्य.