रुग्णालयाचे फाटक आणि सिगारेट
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



रुग्णालयाच्या फाटकाशी होणारी विडी-सिगारेटची विक्री, या विषयाकडे आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

1950 साली रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनी लंडनमधील 20 रुग्णालयांतील रुग्णांची चौकशी करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा निकट संबंध दाखवून दिला. रुग्णशय्येपाशी बसून मिळविलेले हे ज्ञान. आणि त्याच शय्येपासून हाकेच्या अंतरावर सिगारेट विकली जावी, ही केवढी विसंगती!

कायदा अगदीच उदासीन आहे असे नाही. मुंबईचे श्री. मुरली देवरा यांच्या याचिकेवर 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांसह सार्वजनिक स्थळी धूम्रपानास मनाई केली. पुढे 2003 चा अधिनियम झाला. त्यान्वये मोठ्या हॉटेलांत व विमानतळांवर धूम्रपानाची निराळी जागा ठेवता येते. रुग्णालयास तीही सवलत नाही. मात्र शाळेभोवती 100 यार्डांत विक्रीस बंदी घालणाऱ्या त्या मूळ अधिनियमाने रुग्णालयाभोवती तशी रेषा आखली नाही. आमचे आयुष्य शाळेत गेले. त्या रेषेचे मोल आम्ही जाणतो. म्हणूनच तिची उणीव येथे खटकते.

कोणी म्हणेल, रात्रभर जागणाऱ्या नातलगाला तेवढाच विरंगुळा! पण खोकल्याने बेजार झालेल्या रुग्णाच्या उशाशी धुराचा वास घेऊन परतणे, ही कसली शुश्रूषा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याच काही बांधवांच्या चुली अशा टपऱ्यांवर पेटतात. त्यांना दूषणे देऊन सभागृहातून टाळ्या मिळविणे सोपे. परंतु त्यांच्या मुलांची फी कोण भरणार? म्हणून आमची सूचना अशी की, मंडळाने आपल्या निधीतून अशा बांधवांस बिनव्याजी भांडवल द्यावे. चहा, फळे, शहाळी, ऊन पाणी यांची निकड रुग्णालयापाशी नित्य असते. नफा प्रारंभी थोडा कमी पडेल. ती तूट आपण सर्वांनी मिळून सोसावी. उपदेशाचा खर्च उपदेशकानेही उचलावा, हेच न्यायाचे आहे.

कार्यकारिणीने या सूचनेचा सहानुभूतीने विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.