सांगडीच्या बोटीची मोटर किती उंच बसवावी?

श्रोतेहो, नदीकाठच्या माणसाला सांगड काही नवी नाही. दोन सुके भोपळे घ्यावेत, एकमेकांना बांधावेत आणि त्यांच्या आधाराने पैलतीर गाठावा, ही आपली जुनी युक्ती. आज धरणांच्या जलाशयांत दोन लांब पोकळ नळ्यांवर सपाट तक्तपोशी ठोकलेल्या बोटी दिसतात. त्यांना पाँटून बोट म्हणतात. म्हणजे सुधारलेली सांगडच. तिच्या मागच्या बाजूला, दोन नळ्यांच्या मधोमध, बाहेरून टांगलेली मोटर असते. ती किती उंच बसवावी, एवढ्याच प्रश्नाविषयी आज आपणांशी बोलायचे आहे.

प्रश्न लहान वाटेल, पण तो माणसांच्या जिवाशी जाऊन भिडतो. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसे बुडाली. त्या अपघाताचा मोटरच्या उंचीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु असा वारा उठतो तेव्हा बोट काठाला नेणारी मोटरच असते. या बोटीला वेगळे सुकाणू नसते. मोटर ज्या बाजूला वळवावी तिकडे पंख्याचा जोर लागतो आणि बोट वळते. पंख्याची पाण्यावरची पकड सुटली, की वेगही गेला आणि दिशाही गेली.

ही पकड सुटते कशी? घरी ताक घुसळताना पाहा. रवी फार वर धरली तर ती गरगर फिरते, शिंतोडे उडतात, हवा आत ओढली जाते, पण ताक काही घुसळले जात नाही. मोटर फार उंच बसली की पंख्याचे हेच होते. एंजिन मोठ्याने किंचाळते, बोट मात्र पुढे सरकत नाही. शिवाय एंजिन थंड ठेवणारे पाणी खालच्याच भागातील छिद्रांतून आत जाते. तेथे हवा शिरली की एंजिन तापते व आतला रबरी पंखाही खराब होतो.

मग मोटर खोल बसवली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. नांगराचा फाळ वाजवीपेक्षा खोल गेला तर बैल उगाच थकतात. तशीच खोल बसलेली मोटर पाण्यात ओढ निर्माण करते. वेग कमी होतो, तेल जास्त जळते, मागे पाण्याचे फवारे उडतात आणि उथळ जागी पंखा खडकाला लागतो.

आता मोजमाप कसे करावे ते पाहू. पंख्याच्या थोडे वर मोटरला एक आडवी, चपटी पट्टी असते. वरची हवा पंख्याकडे येऊ न देणे हे तिचे काम. मोटर ज्या बैठकीवर अडकवतात, तिच्या खालच्या काठाशी ही पट्टी समपातळीत किंवा इंचभर खाली येईल, अशी सुरुवात करावी. मोटरच्या दांड्याची लांबी साधारणपणे १५, २० किंवा २५ इंच असते. बैठकीला २० इंची दांडा हवा असताना १५ इंची मोटर लावली, तर ती कशीही सरकवली तरी उपयोग नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वीच बैठकीची उंची मोजून घ्यावी.

पण काठावर घेतलेले माप हा फक्त अंदाज. खरा निकाल पाणीच देते. रोज जेवढा भार असतो तेवढा भरून बोट शांत पाण्यात न्यावी. मोटरचा दांडा उभा राहील असा कल आधी ठेवावा. एकाने बोट चालवावी, दुसऱ्याने आत सुरक्षित बसून मागे पाहावे. नेहमीच्या वेगात ती आडवी पट्टी पाण्याच्या पृष्ठाशी किंवा किंचित खाली दिसली पाहिजे. ती फार बुडलेली असेल तर काठाला यावे, एंजिन बंद करून किल्ली काढावी, मोटरला वरून भक्कम आधार द्यावा आणि ती एकच भोक वर घ्यावी. पुष्कळ मोटरींत ही भोके पाऊण इंचाच्या अंतराने असतात. पुन्हा चालवून पाहावे. वळणावर पंखा हवा धरू लागला, की एक भोक खाली यावे. तीच आपली जागा. शेवटी बोल्ट घट्ट करावेत.

दोन परीक्षा मात्र विसरू नयेत. पहिली : चार माणसे पुढच्या टोकाला बसवून हळू चालवून पाहावे, कारण पुढे भार गेला की मागची बाजू उचलते. दुसरी : एंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार सतत चालू आहे ना, हे पाहावे. धार तुटली तर एंजिन ताबडतोब बंद करावे.

आणखी एक सूचना. पंखा निसटतो याचा दोष नेहमी उंचीचाच नसतो. त्यात गवत वा जाळे अडकले असेल, पाते वाकले असेल किंवा आतला रबर सुटला असेल. पाना हातात घेण्यापूर्वी हे बघून घ्यावे.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती आहे. बादलीभर पाणी आणि एक रवी घेऊन हा प्रयोग वर्गात करून दाखवा. रवी पृष्ठाशी फिरवा, मग खोल फिरवा. हवा कधी ओढली जाते ते मुलांनाच सांगू द्या. जलाशय ओलांडून शाळेला येणारी मुले बोटीत बसली की मागे पाहायला शिकतील.

आणि मोटर कितीही नीट बसली, तरी अंगात जीवरक्षक जाकीट हवेच, बोटीत ठरल्यापेक्षा अधिक माणसे नकोत, आणि आभाळ भरून आले की बोट काठालाच बरी.