ग्रंथपालाचे शिक्षण कोठे थांबते?



मद्रास विद्यापीठाने १९२४ साली आपल्या ग्रंथपालपदावर गणिताच्या एका अध्यापकाची नेमणूक केली. शियाली रामामृत रंगनाथन हे त्यांचे नाव. ग्रंथालयशास्त्राचे कोणतेही शिक्षण त्यांना नव्हते. त्या शांत दालनात त्यांचा जीव रमेना आणि पुन्हा वर्गात जाऊन गणित शिकवावे, असेच त्यांना वाटत होते. विद्यापीठाने मात्र त्यांना लंडनला शिकावयास धाडले. तेथे त्यांनी शास्त्राचा अभ्यास तर केलाच, पण तेथील अनेक ग्रंथालये हिंडून, त्यांचे काम डोळ्यांनी पाहून घेतले. परतले ते या कार्याला वाहून घेऊनच. पुढे १९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री प्रसिद्ध झाली आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण. भारतातील ग्रंथालयशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांना त्या शास्त्राचे शिक्षण मिळाले ते सेवेत शिरल्यानंतर. ग्रंथालय ही सतत वाढणारी, सजीव संस्था आहे, असा त्यांच्या पाचव्या सूत्राचा आशय आहे. संस्था वाढणारी आणि ती सांभाळणारा मात्र आहे तेथेच थबकलेला, हे कसे जुळावे?

याही पूर्वीचा एक दाखला मराठी माणसाच्या अधिक जवळचा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानात आणले. गावोगाव ग्रंथालये आणि त्यांच्या जोडीला फिरत्या ग्रंथपेट्या, अशी ती योजना होती. परंतु पुस्तके आणि कपाटे पोहोचविली म्हणजे ग्रंथालय उभे राहिले, असा महाराजांचा समज नव्हता. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालनाचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला आणि १९१२ मध्ये इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. वर्ग संपतो, नियतकालिक येत राहते. दूरच्या गावी एकटा बसलेला ग्रंथपाल आपल्या व्यवसायाशी जोडलेला राहतो. ‘निरंतर शिक्षण’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी बडोद्याने ती गोष्ट केली होती.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आपल्याकडे आहे. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंच्या घरात आहे आणि ही ग्रंथालये बहुतांशी सरकारी कचेऱ्या नव्हेत. गावातील शिक्षक, वकील, व्यापारी यांनी स्थापिलेल्या संस्था त्या चालवितात. १९७० च्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आणि त्यानुसार अनुदानाच्या अटीही घातल्या. ग्रंथालय प्रमाणपत्र वर्गातून हजारो कार्यकर्ते शिकून बाहेर पडले, हे श्रेय या व्यवस्थेला दिलेच पाहिजे. दोष आहे तो पुढचा. काही महिन्यांचा तो वर्ग एकदा उत्तीर्ण झाला की प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे त्या सेवकाने काही नवे शिकले काय, हे फारसे कोणी विचारीत नाही. तपासणीच्या दिवशी दाखलनोंदवही पाहिली जाते, देवघेवीचे आकडे पाहिले जातात. सेवकाचे ज्ञान मोजणारा रकाना तेथे नाही.

त्या तीस वर्षांत काय बदलते, याचे एकच उदाहरण सविस्तर पाहू. अनेक ग्रंथालयांनी हौसेने संगणक घेतला आणि पुस्तकांची यादी त्यावर चढविली. ती चढविली त्या काळी प्रचलित असलेल्या निरनिराळ्या मराठी फाँटमध्ये. संगणक बदलला, तो फाँट गेला आणि हजारो नोंदींच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उरली. वर्षभराची मेहनत वाया! युनिकोडमध्ये नोंद केली असती तर हे टळले असते. पण युनिकोडमध्येही शिकण्याजोगे पुष्कळ आहे. ‘ॲरिस्टॉटल’मधील पहिले अक्षर संगणकावर दोन प्रकारे उमटविता येते. एक म्हणजे स्वतंत्र ‘ॲ’, दुसरा ‘अ’ला अर्धचंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे वाटू शकतात. मग पुस्तक कपाटात असूनही वाचकाला ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळते. लेखकाचे आडनाव एका नोंदीत ऱ्हस्व, दुसरीत दीर्घ पडले तरी तेच. ही बाब एका दुपारच्या कार्यशाळेत समजावून देता येते. ‘ई-ग्रंथालय’ ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची प्रणाली आहे, ‘कोहा’ विनामूल्य मिळते. अडते ते शिकविणाऱ्यावाचून आणि शिकण्यास सवड देणाऱ्यावाचून.

जुन्या ग्रंथांचेही तसेच. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडणारा सेवक सद्भावनेनेच जोडतो, पण काही वर्षांनी त्या पट्टीचा चिकटा कागदात मुरतो, पान पिवळे पडते आणि दुरुस्ती आणखी अवघड होते. शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या नगर वाचनालयांत असे ग्रंथ किती असतील, याचा विचार पदाधिकाऱ्यांनी अवश्य करावा.

शिवाय वाचकही पालटला आहे. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी सकाळी येतो तो रात्रीपर्यंत बसतो. त्याला कादंबरी नको, राजपत्र आणि अहवाल कोठे मिळेल हे सांगणारा माणूस हवा असतो.

असे असूनही प्रशिक्षण का होत नाही? पहिले कारण पैशाचे. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. तरीही ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाकाठी मिळणारी रक्कम पन्नास हजारांच्या आतच राहिली. पुस्तके, नियतकालिके, वीज आणि सेवकाचे मानधन हे सारे त्यात भागवायचे. दुसरे कारण, अशा ठिकाणी सेवक एकच असतो. तो तीन दिवस बाहेर गेला की कुलूप लागते. तिसरे कारण मात्र आपल्या मनातले आहे, आणि ते स्पष्ट बोललेच पाहिजे. ‘शिकला तर सोडून जाईल’ ही भीती कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दबक्या आवाजात व्यक्त होते. तुटपुंज्या मानधनावर निष्ठेने दिवा लावणाऱ्या माणसाला अज्ञानात ठेवून बांधून घालावे, हा विचार ग्रंथालय चालविणाऱ्यांना शोभत नाही. जाणारा जाईलच, राहणाऱ्याच्या अडाणीपणाची किंमत वाचक मोजतो.

पैशाचा प्रश्न शासनाने सोडवावयाचा आहे, त्यासाठी आवाज उठविलाच पाहिजे. परंतु काही गोष्टी आजही हाती आहेत. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून कार्यरत आहे आणि चर्चासत्रे, कार्यशाळांना साह्य देण्याची त्याची योजना आहे. जिल्हा ग्रंथालय संघांनी तिचा पाठपुरावा करावा. ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर ग्रंथालयशास्त्राचे पाठ्यक्रम घरबसल्या पाहता येतात. ज्या सेवकाला इंग्रजीची अडचण आहे, त्याच्यासाठी एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने आठवड्यातून एक तास दिला तर तेही सेवाकार्यच होय. कुलूप लागण्याच्या अडचणीवर तालुक्यातील दोन शेजारच्या ग्रंथालयांनी करार करावा. एकाचा सेवक प्रशिक्षणास गेला की दुसऱ्याचा एखादा कार्यकर्ता तेथे बसेल, पुढच्या वेळी उलट. त्याच निमित्ताने एकमेकांची कपाटे, नोंदवह्या, पद्धती पाहून होतील. रंगनाथनांनी इंग्लंडात हेच केले होते आणि त्याला तालुक्यात एस. टी.च्या भाड्याहून अधिक खर्च नाही.

येत्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडताना ‘सेवक प्रशिक्षण’ असे एक स्वतंत्र शीर्षक घालावे. रक्कम हजार रुपयांची असली तरी चालेल, कारण शीर्षक असले म्हणजे पुढच्या वर्षी कोणीतरी सभासद उठून, ते पैसे कशावर खर्च झाले, असे विचारू शकतो.