नळीचा सांधा



भोर-वेल्ह्याकडे हल्ली शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या छपरांना लोखंडी नळ्यांच्या कैच्या दिसतात. नळी हलकी नि मजबूत. दगा देतो तो सांधा. एका नळीच्या अंगावर दुसरी जोडली, तर पहिलीला आतून टेका नसतो. जोड शाबूत राहूनही तिचा पत्राच आत दबतो किंवा फाटतो. म्हणून जाडी ठरवताना सांधा आधी पाहावा, एवढे आम्ही रात्री पुस्तके चाळून शिकलो.

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात तेल-कामगारांच्या वस्तीचा 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता तळ उलटला. १२३ माणसे गेली. एका नळीवर उपकरणासाठी लहानसा आधार वेल्डिंगने जोडला होता. चीर तिथून वाढली. चौकशीत त्या चिरेत रंग आढळला! म्हणजे चीर रंगकामापूर्वीचीच.

आमच्या एका वेल्डरने अशीच चीर दाखवली, तर 'रंग मार, झाकेल' हे उत्तर मिळाले. वर त्याचा खाडा लावला. वास्तविक जोडावर लाल औषध फासून पुसावे, वर पांढरी पूड मारावी. चीर असल्यास लाल रेघ उमटते. ही तपासणी रंगापूर्वीच व्हावी, आणि चीर दाखवणाऱ्याची मजुरी कापू नये, ही दोन कलमे आम्ही मागणीपत्रात घातली आहेत. बोलणी पावसाळ्यापूर्वी व्हायची आहेत.