उलटे श्रुतलेखन
(दिंद्रुड येथील पालकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



लहानपणी आपण सर्वांनीच श्रुतलेखन केले आहे. गुरुजी सांगत, आपण पाटीवर उतरवीत असू, आणि काना-वेलांटी चुकली की छडी ठरलेलीच! आज हा क्रम उलटला आहे. मूल सांगते आणि यंत्र लिहिते. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश झाला आणि ही सोय घरोघरच्या मोबाइलवर आली. तेव्हा, ‘आता मुलांनी लिहावयास शिकावे तरी कशाला?’ असे पालक आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर देण्याकरिताच आम्ही येथे उभे आहोत.

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुले आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत जातात, काही आजीजवळ गावी राहतात. अशाच, मागे राहिलेल्या, दुसरीतील एका मुलीस दोन ओळी लिहिणेही जड जात असे. आम्ही यंत्र पुढे ठेवून तिला आईस पत्र सांगावयास लावले. एरवी मुकी बसणारी ती पोर शेळीचे करडू, आजीचा दुखरा गुडघा, सारे एका दमात सांगून गेली! तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. अडत होता तो केवळ हात.

मात्र एके ठिकाणी यंत्र चुकले. मुलगी म्हणाली होती, “माझी आई ऊस तोडायली.” यंत्राने लिहिले, “तोडायला.” यंत्रास अर्थ कळत नाही, असंख्य लोकांच्या बोलण्यावरून जो शब्द अधिक संभवनीय, तो ते मांडते. बालकांचा कोवळा आवाज आणि आपली मराठवाडी बोली यांचा त्यास परिचय थोडा. आम्ही ती ओळ मुलीकडून वाचून घेतली. ती थबकली व म्हणाली, “असं नाही म्हणले मी.” मग वहीत उतरविताना तिने कान्याच्या जागी वेलांटी दिली. छडीने जे आम्हांस शिकविले नाही, ते तिला आईच्या ओढीने शिकविले.

न्यूझीलंडमधील शिक्षिका सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना त्यांनी स्वतः मागितलेल्या शब्दांतूनच वाचन शिकविले. त्यांचा ‘टीचर’ हा ग्रंथ १९६३ साली निघाला. तत्त्व तेच आहे. आपल्या जिव्हाळ्याचा शब्द मूल लवकर वाचते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : मुलाने बोलावे, यंत्राने लिहावे, मग मुलाने ओळीखाली बोट फिरवीत वाचावे, चुका शोधाव्यात, आणि अखेरीस सर्व मजकूर स्वहस्ते वहीत उतरावा. ही शेवटची पायरी गाळली, तर यंत्र तेवढे साक्षर व्हावयाचे आणि मूल कोरेच राहावयाचे! ‘तोडायली’शेजारी पुस्तकातील ‘तोडत आहे’ हेही लिहून दाखवावे. परंतु घरच्या बोलीस अशुद्ध म्हणून हिणवू नये.

ज्या घरचे आईबाप फडावर गेले आहेत, त्या घरी आपल्यातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने वा तरुणीने आठवड्यातून एक सायंकाळ बसावे, अशी ज्ञातिबांधवांस आमची कळकळीची विनंती आहे. त्या मुलीचे पत्र अखेर तिच्याच वेड्यावाकड्या अक्षरांत आईकडे गेले.