रोजचा हयातीचा दाखला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला 'आपला परिसर' आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. आमच्या काळी बँकेत एक ड्राफ्ट काढायला याहून जास्त वेळ लागायचा. तेव्हा मी घड्याळ काढून समोर ठेवलं आहे. उशीर झाला तर सचिवांनी खुणावावं. जेवणाचा वास मलाही येतो आहे.

परिसर म्हटलं की आपण पाहुण्यांना काय सांगतो? मालवणचा किल्ला बघा, चिवल्याला जा, सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी फळं आणा. सगळं खरं. पण कसालात काय बघायचं, असं कोणी विचारलं की आपण गप्प बसतो. फार तर म्हणतो, "कसालात काय, कसाल म्हणजे तिठो!" मुंबईहून येताना मालवणला वळायचं ते इथे, म्हणजे आपण वळण्याची जागा. अलीकडे कणकवली, पलीकडे ओरोस आणि कुडाळ, आणि खाली सुकळवाड, कट्टा, चौके करत मालवण. सगळे कुठून तरी कुठे तरी चाललेले. मुक्कामाला येतो तो फक्त आपणच.

मी मात्र निवृत्तीनंतर रोज सकाळी तिठ्यापर्यंत जातो आणि परत येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, ते निमित्त. खरं कारण म्हणजे मला बघत बसायची खोड आहे. मालवणच्या गाडीतून मासेवाली मावशी टोपली घेऊन उतरते. टोपलीत काय आहे त्यावरून मला समुद्राची बातमी कळते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा टोपलीत खाडीचं नाही तर सुकं. नारळी पौर्णिमा झाली, मालवणच्या बंदरावर नारळ लढवून झाले, की हळूहळू टोपली जड होते. सोमवारी कोण खात नाही, श्रावण कोण पाळतो आणि कोण पाळल्याचं दाखवतो, हे त्या मावशीला आपल्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत आहे. मार्च-एप्रिलात वाऱ्याबरोबर काजूच्या बोंडांचा वास येतो. मे महिन्यात खळ्यात रतांब्यांची सोलं वाळत पडतात आणि अंगणातून जाणाऱ्याचे पाय लाल होतात. मालवणचा सोमवार, कणकवलीचा मंगळवार, कुडाळचा बुधवार हे आठवडा बाजार कॅलेंडर न बघता तिठ्यावरच्या पिशव्यांवरून ओळखता येतात.

आपल्याकडच्या मोठ्या लेखकांनी यापेक्षा वेगळं काय केलं? जयवंत दळवींनी 'सारे प्रवासी घडीचे' लिहिलं ते आपल्यासारख्याच गावातली माणसं बघून. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कुडाळला खाणावळ चालवली. जेवायला येणारी-जाणारी माणसं बघतच ते आरती प्रभू झाले. मी काही लेखक नाही. मी आयुष्यभर लेजर लिहिली. पण बघायला मलाही बँकेनेच शिकवलं.

कसं ते सांगतो. सरकारी पेन्शनरांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे 'मी जिवंत आहे' असं लेखी कळवायचं. नोव्हेंबर आला की आमच्या शाखेत जत्रा भरायची. निवृत्त गुरुजी, पोस्टमन, पोलीस, त्यांच्या मागे राहिलेल्या बायका. काठी टेकत यायचे, घाम पुसत बाकावर बसायचे, आणि फॉर्मवर सही करताना हात थरथरला की हसायचे. एक आजी दरवर्षी मला विचारायच्या, "साहेबांनू, मी समोर उभी असंय, तरी जिती म्हणान लिवून व्हया?" मी म्हणायचो, "आजी, सरकारला दिसत नाय ना, म्हणून." एका वर्षी नोव्हेंबर संपत आला तरी आजी आल्या नाहीत. मी शिपायाला त्यांच्या वाडीत पाठवलं. तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. मग आम्हीच फॉर्म घेऊन घरी गेलो. मोठं काम केलं असं नाही. बाकावरची जागा रिकामी दिसली, एवढंच.

२०१४ पासून हा दाखला डिजिटल झाला. 'जीवन प्रमाण' म्हणतात. आता तर मोबाईलसमोर चेहरा धरला की काम होतं. उत्तम सोय आहे, मी स्वतः वापरतो, गुडघ्यांचा दुवा घेतो. पण बाकावरची ती जत्रा मोडली, आणि कोण आलं नाही हे कळायची वाटही तिच्याबरोबर गेली.

आता थोडं लांब जातो. मुलीकडे आयर्लंडला तीन महिने होतो. ती एनिस नावाच्या गावात राहते, क्लेअर काउंटीत. जाताना वाटलं होतं, परदेश म्हणजे काचेच्या इमारती. गेलो तर काय, अरुंद रस्ते, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, आणि पाऊस असा की आपल्या आषाढाची आठवण यावी, फक्त बारीक आणि थंड. गावाच्या पाटीवर दोन भाषा. वर त्यांची मूळ आयरिश, खाली इंग्रजी. आयरिशमधलं गावाचं नाव 'इनिश', त्याचा अर्थ बेट. आपलं मालवणी-मराठीचं नातं आठवलं. घरात एक, कचेरीत एक.

तिथे तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, बसमधून उतरणारा प्रत्येक जण ड्रायव्हरला 'थँक्स' म्हणूनच उतरतो, शाळेची पोरंसुद्धा. दुसरी, गावाबाहेरच्या रस्त्यावर समोरून येणारा मोटारवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असो वा नसो. जावयांना विचारलं, "हा तुमच्या ओळखीचा?" ते म्हणाले, "नाही बाबा, इथे असंच करतात." तिसरी गोष्ट ऐकून मी चकितच झालो. तिथल्या स्थानिक रेडिओवर रोज निधनवार्ता वाचून दाखवतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, अंत्यविधी कधी. माणसं हातातलं काम थांबवून ऐकतात. आपल्याकडे तिठ्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बॅनर लागतो, त्याचाच हा जुना भाऊ.

मुलीला म्हटलं, यांना एकमेकांची एवढी चौकशी कशी? तिने इतिहास सांगितला. १८४५ नंतर तिथे बटाट्याचं पीक किडलं, मोठा दुष्काळ पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुलं बाहेरच जात राहिली. घरं ओस पडली. तेव्हा मला आपली वाडी दिसली. आपल्याकडे दुष्काळ नव्हता, पण गिरणी होती, गोदी होती, मुंबई होती. मनीऑर्डरवर चुली पेटल्या आणि दारांना कुलपं लागली. १९८१ साली १ मेला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, १९९८ साली २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, १७ नंबरचा महामार्ग ६६ नंबरचा होऊन चौपदरी झाला. वाटलं होतं, माणसं परत येतील. आली, पण चवथीला आली आणि अनंत चतुर्दशीच्या आत गेली. रस्ता रुंद झाल्यावर येणं जसं सोपं झालं, तसं जाणंही झालं.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे प्लॉट घेतले तेव्हा बहुतेक जण नोकरीत होतो. संध्याकाळी पोरांचा क्रिकेटचा चेंडू कोणाच्या तरी काचेवर जायचा आणि भांडण व्हायचं. आज काचा शाबूत आहेत. मागच्या महिन्यात मी चालता चालता मोजलं. बत्तीसपैकी चौदा घरांना कुलूप. अकरा घरांत फक्त म्हातारा-म्हातारी, त्यातल्या पाच घरांत एकटंच माणूस.

आणि आता जे सांगायचं म्हणून मी उभा राहिलो, ते सांगतो. ज्यांच्याबद्दल सांगतोय ते आज समोर बसले आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे. नाव घेत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मोबाईल पलंगावर. हाक मारली, पण कौलांवर पाऊस असा की स्वतःचं स्वतःला ऐकू येईना. रात्र तशीच गेली. सकाळी दूधवाल्याने पिशवी दाराच्या कडीला लावली. पडवीतला दिवा जळतच होता.

साडेसहाला मी त्या दारावरून गेलो. दिवा पाहिला. पिशवी पाहिली. मनात आलं, 'आज उशिरा उठले वाटतं.' आणि पुढे गेलो. तिठ्यावर चहा घेतला, पेपर वाचला, मासेवालीची टोपली बघितली. परत येताना पावणेआठ झाले. तेव्हाही पिशवी तिथेच होती, तेव्हाही मी थांबलो नाही. रोज एवढं बारीक बघतो म्हणून मिरवणारा मी दोन वेळा त्या दारावरून गेलो.

साडेनऊला भांडी घासायला येणारी बाई आली. तिने दार ठोठावलं, उत्तर नाही, म्हणून मागच्या पाणंदीने जाऊन न्हाणीच्या झरोक्यातून हाक मारली. आतून कण्हणं ऐकू आलं. कुलूप तोडलं, गाडी आणली, ऑपरेशन झालं, आणि आज ते काठी घेऊन इथे आले आहेत. मी भेटायला गेलो तेव्हा सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "भाऊनू, तुमची चप्पल माका आयकाक येय होती. दोनदा."

त्या दिवसापासून माझी सकाळ बदलली. नुसतं बघणं आणि लक्ष ठेवणं यात फरक आहे, हे मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं. नुसतं बघायचं तर करमणूक होते. लक्ष ठेवायचं तर थांबावं लागतं, दार ठोठवावं लागतं, आणि आतला माणूस खरंच झोपलेला असला तर त्याच्या शिव्या खाव्या लागतात. त्या खायची तयारी ठेवू या.

म्हणून समितीपुढे साधी सूचना मांडतो. खर्च शून्य, ठराव लागला तर करा.

एक, एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाने सकाळी साडेसातच्या आत पडवीतला दिवा बंद करायचा आणि पुढचं दार उघडायचं. हा आपला रोजचा हयातीचा दाखला. फॉर्म नको, अंगठा नको.

दोन, प्रत्येक घराचा एक शेजारी ठरवायचा. साडेसातनंतर दिवा दिसला तर त्याने हाक मारायची. उत्तर नाही आलं तर फोन, फोन नाही उचलला तर आत जायचं. त्यासाठी जादा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायची. "आमच्या घरात काय आहे हे लोकांना कळेल" अशी भीती काही जणांना वाटते. अहो, आपल्या घरात काय आहे हे सगळ्यांना पंचवीस वर्षं माहीत आहे!

तीन, दूधवाला, पेपरवाला, मासेवाली मावशी आणि घरकाम करणाऱ्या बायका, या सगळ्यांकडे सचिवांचा नंबर द्यायचा. गेल्या पावसाळ्यात एक जीव वाचला तो त्यांच्यातल्याच एकीमुळे. आज तिला व्यासपीठावर बोलावून साडी-चोळी दिली, ते समितीने फार चांगलं केलं.

आणि चार, परगावी असलेल्या मुलांना सांगणं. तुम्ही रोज व्हिडिओ कॉल करता, छान करता. पण तुमच्या फोनमध्ये आई-वडिलांच्या शेजाऱ्याचा नंबर आहे का? आत्ता, इथेच तपासा. नसेल तर जेवणाच्या पंगतीत घेऊन टाका.

पंधरा मिनिटं झाली. आपल्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय पुरं होत नाही. मी काही गावचा मानकरी नाही, पण चुकलंमाकलं देव सांभाळून घेईल. तुम्ही फक्त मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणा.

बा देवा म्हाराजा! (व्हय म्हाराजा!)

आज ह्या सोसायटीक पंचवीस वर्सां पुरी झाली, ती तुझ्याच कृपेन झाली, म्हाराजा! (व्हय म्हाराजा!)

जे कोण दारांक कुलपां लावन मुंबयक, पुण्याक, परदेशात गेले असत, तेंका चवथीक, शिमग्याक सुखरूप घराक हाड, म्हाराजा! (व्हय म्हाराजा!)

जी म्हातारी माणसां हय एकटी रवतत, तेंका रोज सकाळी दार उघडूची ताकद दी, म्हाराजा! (व्हय म्हाराजा!)

आणि ज्या दिवशी एखादा दार उघडूचा नाय, त्या दिवशी शेजाऱ्याक थयसून फुडे जावची बुद्धी दिव नको, म्हाराजा! (व्हय म्हाराजा!)

चला, पानं वाढली आहेत.